सातातले तीन बाद

वीरकरबाईंच्या गळ्यात दोन गोष्टी कायम असायच्या, मंगळसूत्र आणि शिट्टी. शाळेत, बाजारात, बारशात, सगळीकडे. एका लग्नात मी त्यांना हळूच म्हटलं, "बाई, आजचा दिवस तरी शिट्टी काढून ठेवायची." त्यांनी पदराआड हात घालून दोन्ही चाचपली आणि म्हणाल्या, "दोनीबी मालकांनीच आणल्यात, मॅडम. पण त्यातली ही वाजवली की माणसं थांबत्यात तरी."

मालक म्हणजे त्यांचे यजमान. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, कमी बोलणारे, स्वयंपाक उत्तम करणारे. शिट्टी त्यांनी म्हसवडच्या यात्रेतून आणली होती. मंगळसूत्र कुठून आणलं ते बाईंना आठवत नव्हतं.

मी सांगलीची. बदलीची ऑर्डर आली तेव्हा ही वाडी कुठे आहे ते विचारायला म्हसवडच्या स्टँडवर माणसं गाठावी लागली, आणि प्रत्येकानं वेगळी दिशा दाखवली. वाडीचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला फोन करतात, आणि नाव छापलं तर नक्की भांडतील, नाही छापलं तरी भांडतील. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षिका. त्यातली एक मी होणार होते. दुसरी कुठेच दिसत नव्हती.

पहिल्या दिवशी पोचले तर दोन्ही वर्ग रिकामे. फळा कोरा, दप्तरं भिंतीला ओळीनं टेकवलेली, पोर एक नाही. आरडाओरडा मागून येत होता. मागे गेले तर मोठं मातीचं मैदान, कडेला कडुलिंब, आणि मैदानात निऱ्या वर खोचलेली, पायात पांढरे बूट घातलेली एक आडव्या बांध्याची बाई डब्यातून फक्की ओतत सरळ रेघ मारत चालली होती. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी पूड. पुढे मला कळलं की ती बाईंच्या पदराला, केसांना, डब्यातल्या भाकरीलासुद्धा असते.

मला बघून त्यांनी शिट्टी मारली. पोरं जागच्या जागी पुतळा झाली.

"नव्या मॅडम का?"

"हो."

"सांगलीच्या?"

"हो."

"खेळल्याय का कवा काय?"

"कॅरम," मी म्हटलं.

त्यांनी पोरांकडे बघितलं. पोरांनी माझ्याकडे बघितलं. "बसून खेळायचं आसतंय ते," बाईंनी पोरांना समजावलं. मग मला म्हणाल्या, "बरं, आसूंद्या. चपला काढा आन् तिकडं उभ्या ऱ्हावा. दशकात."

मैदानावर शेजारी शेजारी दोन चौकोन आखले होते. डावीकडचा दशकाचा, उजवीकडचा एककाचा. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. त्या क्षणापर्यंतच्या माझ्या सगळ्या शिक्षणाचं मोल दहा ठरलं आणि मी डाव्या चौकोनात अनवाणी उभी राहिले. एककात चार पोरं होती. बाहेर बसलेली पोरं ओरडली, "चौदा!" शिट्टी वाजली आणि आणखी आठ पोरं एककात घुसली. आता तिथं गर्दी झाली. दहा जणांनी हाताला हात लावून साखळी केली, साखळीतला पहिला गडी कॅप्टन होऊन पळत माझ्या चौकोनात आला, मागचे नऊ रेषेबाहेर जाऊन बसले. एककात दोघं उरले.

"बावीस!"

पुस्तकात हातचा एक वर बारीक अक्षरात लिहितात. इथे तो शेंबडा होता आणि माझ्या पायावर उभा होता.

वजाबाकी त्याच्या उलट. एककात गडी कमी पडले की बाई ओरडायच्या, "दशक फोडा रं!" मग दशकातला एक कॅप्टन खाली यायचा आणि बाहेरचे नऊ त्याच्यामागनं आत. फक्त बघणाऱ्यानं कडुलिंबाखालीच उभं राहायचं, हा नियम होता. मैदानाच्या पलीकडून बघितलं की डावं-उजवं फिरतं आणि त्रेचाळीसचे चौतीस दिसतात. एक पालक वर्षभर पलीकडच्या कुंपणावरून बघत होते आणि वर्षभर म्हणत होते की ही बाई पोरांना चुकीचं शिकवते.

बाई स्वतः तरुणपणी कबड्डी खेळलेल्या. उजवा गुडघा कुठल्याशा स्पर्धेत गेला होता. कुठल्या, ते सांगताना दर वेळी बदलायचं. कधी विट्याला, कधी कुपवाडला, आणि एकदा शाळा तपासायला आलेल्या पाहुण्यांसमोर तर तो हरियाणाच्या पोरीनं मोडला. मी नंतर विचारलं, "बाई, हरियाणा?" त्या म्हणाल्या, "लांबचं माणूस हाय मॅडम, लांबचंच सांगाय पायजे."

बाई माणसं मैदानावरच्या जागांवरून ओळखायच्या. गावचा तलाठी कोपऱ्यावरचा गडी, म्हणजे वाट बघत बसणारा. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी मध्यरक्षक, कारण त्यांच्यावरून कुणी पुढे जाऊ शकत नसे. मालक उत्तम पकड. "तीस वर्सं झाली, सुटलेच न्हाई," असं त्या कौतुकानं म्हणायच्या की तक्रारीनं, ते मला कधी कळलं नाही. मला त्यांनी पहिल्याच महिन्यात राखीवात टाकलं. "तुमी चांगल्या हायसा मॅडम. पण उठवाय लागतंय."

कामाची वाटणी त्यांनीच केली. "कागद तुमचं, मैदान माझं." त्यामुळे त्या माझ्यापेक्षा जुन्या असूनही मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे आला. वरून आलेली माहिती भरणं, फोटो पाठवणं, ऑनलाइन हजेरी, हे सगळं मी करायचं. त्या पलीकडे पाढे घ्यायच्या. खो-खोची ओळ बसवायची, एक तोंड इकडे, एक तिकडे. मागून पाठीत थाप बसायची, "सात चोक, खो!" बसलेल्यानं आधी उत्तर द्यायचं, मग उठायचं. उत्तर आलं नाही तर उठता येत नसे, आणि धावणारा मागे उभा राहून नाचत असे, "सांग की रं मुडद्या, अठ्ठावीस!" अपूर्णांकाला लंगडी. मैदानाचे चार भाग. पाव म्हटलं की पहिल्या रेषेवर थांबायचं, निम्मं म्हटलं की दुसऱ्या, पाऊण म्हटलं की तिसऱ्या. एखादं पोरगं तोल जाऊन शेवटच्या रेषेपलीकडे कुंपणात पडलं की बाई ओरडायच्या, "आरं, तू सव्वा झालास की रं!"

हे सगळं फार गोड वाटतं, म्हणून दुसरी बाजूही सांगते. पोरांची वह्यांतली गणितं भयानक असायची. आकडे मुंग्या पळाल्यासारखे. बाईंना वही तपासायचा कंटाळा. "पायाला कळलंय, आता हाताला कशाला तरास," म्हणायच्या. पाचवीला पोरं म्हसवडच्या शाळेत जायची. तिथल्या गणिताच्या सरांचा मला एकदा फोन आला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या वाडीची पोरं बेरीज करताना मधेच उठून शेजारच्या बाकावर का जाऊन बसतात?" मी कपाळाला हात लावला. बाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला सरकत्यात?"

"डावीकडे."

"मग बरोबर हाय की. त्यांला म्हनावं, डावीकडचा बाक मोकळा ठेवा."

तिसरीत राणी नावाची एक मुलगी होती. तिच्या घरच्यांची मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन सगळं कुटुंब घाट उतरून जायचं ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. शाळेचं अर्धं वर्ष राणीला नसायचंच. इतर शाळांत अशी पोरं परत आली की मागच्या बाकावर बसतात आणि हळूहळू यायची बंद होतात. इथं राणी फाटकातून आत आली की बाई शिट्टी मारायच्या आणि ओरडायच्या, "राखीव आली रं! जागा करा." त्या दिवशी तिला कॅप्टन. काय येतं, काय विसरलं, याची चौकशी नाही. दशकात उभं केलं की आपोआप कळायचं.

हे सगळं त्या मातीवर चालायचं. आणि त्या मातीवर सरपंच आबांचा डोळा होता.

आबा वाईट माणूस नव्हता. पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि गावात कुठेही मातीचा तुकडा दिसला की तिथं पेव्हिंग ब्लॉक बसवायची तळमळ. देवळासमोर ब्लॉक झाले, पाण्याच्या टाकीभोवती झाले, स्मशानात तर इतके छान झाले की आबा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचे. आता राहिली शाळा. तरुणपणी आबा वाडीच्या संघातून कबड्डी खेळलेले, पण हे आता ते कुणाला सांगत नसत. पांढऱ्या कपड्यांना शोभत नाही असं त्यांना वाटत असावं. त्यांचा नातू पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जायचा. तिथं फाटकापासून ब्लॉक होते.

"मॅडम, पोरांच्या पायाला माती लागती," आबा मला म्हणाले. बाई तिथंच होत्या, पण अशा गोष्टी ते माझ्याशी बोलायचे.

"पायाला मातीच लागणार की आबा," बाई म्हणाल्या. "काय लोणी लागावं व्हय?"

"चकाचक दिसंल. फोटू चांगला येतुय."

"आन् ब्लॉकवर पकड घेतली की गुडघा फुटतुय. हा बघा माझा."

"मग खेळूच नगा की. शाळा हाय, शिकवा. पोरं घरी जाऊन सांगत्यात, आज गणित खेळलो. गणित काय खेळायचं आसतंय?"

गणपती झाल्यावरच्या ग्रामसभेत विषय निघाला. मंडपाखाली पन्नासेक माणसं. आबांनी माईक हातात घेऊन सांगितलं की शाळेच्या पूर्ण आवारात ब्लॉक बसवायचे ठरलं आहे. एकदोन पालकांनी माना डोलावल्या. वीरकरबाई उठल्या. मी त्यांचा पदर ओढला, पण त्यांच्या हातात माईक नसला तरी आवाज पुरेसा होता.

"आबा, खेळून गणित येतंय का न्हाई, यवढंच इचारायचं हाय ना तुमाला?"

"आलं तर दावा की."

"दावते. म्हैन्याभरात साहेब चाचणी घ्यायला येनार हायत. माझ्या तिसरीच्या सगळ्या पोरांचं मिळून एक जरी गणित चुकलं, तर टाका ब्लॉक. न्हाई चुकलं तर मातीला हात लावायचा न्हाई."

सभेत टाळ्या पडल्या. माणसांना पैज आवडते, कशाची का असेना. आबांनी लगेच "ठरलं" म्हणून टाकलं. मी परतताना रस्त्यातच त्यांना धारेवर धरलं.

"एकही चुकणार नाही? बाई, माझं स्वतःचं चुकतं. सरकारी चाचणीवर कुणी पैज लावतं का?"

"आता चढाईला शिरलेय मॅडम," त्या म्हणाल्या. "मधनंच मागारी येत न्हाईत."

पण घाबरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डब्यातली भाकरी तशीच परत गेली. मालकांनी मला एकीकडे घेऊन विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हं," आणि संध्याकाळी शाळेत येऊन मैदानातले दगड वेचत बसले.

महिनाभर मी पोरांना खोलीत बसवून कागदावर गणितं घेतली. बाई दाराशी येरझाऱ्या घालायच्या. पोरं बेरीज करता करता डावीकडे झुकायची, मी त्यांना सरळ करायची. आकडे ओळीत यायला लागले. चाचणीच्या आदल्या आठवड्यात फाटकाशी ट्रॉली आली आणि लाल-करड्या ब्लॉकचा ढीग ओतून गेली. आबांनी निरोप पाठवला, "सहज आणून ठेवलंय."

चाचणीच्या दिवशी विस्तार अधिकारी साहेब गाडीतून आले. शांत, चष्मेवाला, घाईतला माणूस. तिसरीत पोरं नऊच. पेपर झाल्यावर साहेबांनी तिथंच टेबलाशी बसून तपासायला घेतले. आबा समोरच्या खुर्चीत चहा पीत होते. बाई खिडकीशी, पाठमोऱ्या. मी टेबलाच्या बाजूला उभी राहून लाल पेनाकडे बघत होते. बेरीज बरोबर. हातच्याची बरोबर. दशक फोडून वजाबाकी बरोबर. पाढे बरोबर. पाव-निम्मं बरोबर. साहेब दोनदा म्हणाले, "छान." आबांचा चहा गार झाला.

शेवटचा प्रश्न राहिला. साहेबांनी पहिल्या पेपरवर फुली मारली. दुसऱ्यावर फुली. तिसऱ्यावर फुली.

साहेबांनी प्रश्न मोठ्यानं वाचला. "कबड्डीच्या एका संघात सात खेळाडू आहेत. त्यातले तीन बाद झाले. आता संघात किती खेळाडू आहेत?" आणि चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. "तुम्ही खेळातून गणित शिकवता म्हणे. अख्ख्या पेपरात एकच गणित खेळाचं आहे आणि तेवढंच सगळ्यांचं चुकलंय."

"काय लिवलंय पोरांनी?" बाईंनी वळून विचारलं.

"आठ जणांनी सात लिहिलंय. एकीनं बारा."

आबांनी कप खाली ठेवला. फाटकाकडे बघितलं. ढीग तिथंच होता.

बाईंनी पोरांना आत बोलवलं. "सातातलं तीन गेल्यावर किती रं?"

"चार!" सगळी एका सुरात.

"मग पेपरात सात का लिवलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकजण म्हणाला, "बाई, त्यांनी संघात किती इचारलंय. मैदानात किती, आसं न्हाई इचारलं. बाद झाला तरी संघातच आसतोय की."

"आन् बारा कुणाचं?"

राणीनं हात वर केला. "पाच राखीव धरलं, बाई."

बाई इतक्या हसल्या की खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. साहेबांना हसू आलं नाही. "उत्तर चार आहे," ते म्हणाले. "बाद झालेले वजा."

"आसं करू," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "साहेब, पाच मिनिटं भायेर या. आबा, तुमीबी."

शिट्टी वाजली. सात पोरं चौकोनात उभी राहिली. साहेबांना कडुलिंबाखाली उभं केलं. "आबा, चढाई करा."

"आता? ह्या कपड्यात?"

"का, भ्या वाटतंय व्हय पोरांचं?"

आबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. विजार वर ओढली. आणि जो माणूस पायरी चढताना दोनदा थांबायचा, तो श्वास धरून "कबड्डी कबड्डी" करत असा आत शिरला की पोरं मागे सरली. आबांनी डावीकडे हुलकावणी दिली, उजवीकडे हात मारला, दोघांना शिवले, आणि परत येताना एकाच्या पाठीला बोट लावून रेषेवर आले. तीन बाद. तिघं रेषेबाहेर जाऊन बसले. आबा धापा टाकत होते आणि त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"साहेब, मैदानात किती?" बाईंनी विचारलं.

"चार."

"आबा, त्यांच्या संघात किती?"

"सात की," आबा म्हणाले.

"आबासाहेब," साहेब म्हणाले, "बाद झाले म्हणजे गेले."

"गेलं? कुटं गेलं?" आबांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, पण आवाज चढला. "ती काय बसल्यात समोर! आता ह्यांनी एक गडी मारला की त्यातला एक उठून आत येतुय. बाद झाला म्हंजी काय नाव कापलं व्हय? सायेब, तुमी कवा खेळलाय का?"

"मी क्रिकेट..."

"मग ऱ्हाऊद्या. सातच बरोबर हाय. पोरांचं काय बी चुकलेलं न्हाई, मी सांगतो ना..."

आणि आबा थांबले. तोंड उघडंच राहिलं. कडुलिंबाखालची आम्ही सगळी माणसं फाटकाजवळच्या ढिगाकडे बघत होतो.

बाईंनी त्यांना चिमटा काढायची संधी सोडली, हे मी तेवढं एकदाच बघितलं. त्या साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुमी चारच धरा. तुमचं चार बरोबर, पोरांचं सात बरोबर. चूक माझी हाय. कागद कसा खेळायचा आसतोय, ते शिकवलंच न्हाई मी पोरांना."

"मला उत्तरसूचीप्रमाणे चारच धरावं लागेल," साहेब जरा नरमाईनं म्हणाले.

"आन् बारावालीला?" आबांनी विचारलं.

"तिचंही चूक."

"तिला पुढच्या टायमाला सरपंच करा," आबा म्हणाले आणि माझ्या हातातली टोपी घेऊन निघून गेले.

बाई पैज हरल्या होत्या, यात वाद नव्हता. पण भर मैदानात हरलेल्याच्या बाजूनं आबाच भांडले होते, आणि ते संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं. आठ दिवस आबा शाळेकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस गवंडी आले. फाटकापासून पायरीपर्यंत ब्लॉक बसवले, खोल्यांच्या कडेनं बसवले, मागे मैदानापर्यंत आले आणि फक्कीच्या रेषेपाशी थांबले. आबांनी स्वतः उभं राहून थांबवले. फोटोत ते फारच विचित्र दिसायचं, चकचकीत अंगणात मधोमध मातीचे दोन चौकोन, नव्या सदऱ्याला जुनं ठिगळ लावल्यासारखे. उरलेले ब्लॉक मैदानाच्या कडेला रचून ठेवले. "पुढल्या वर्षी बघू," आबा जाताना म्हणाले. प्रत्येक वर्षी म्हणायचे.

त्यानंतर बाई आठवड्यातून एकदा कागदाचा तास घ्यायला लागल्या. फळ्यावर प्रश्न लिहायच्या आणि पोरांना विचारायच्या, "ह्यो माणूस काय इचारतुय? मैदानातलं, का संघातलं?" पोरं डोळे बारीक करून प्रश्न लिहिणाऱ्याचा डाव ओळखायची. माझ्या मते त्यांनी वाडीत शिकवलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ती होती. त्यांच्या मते नव्हती.

निवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांनी भाषणांना वेळ लावून दिली आणि वेळ संपली की शिट्टी मारली. आबांचं भाषण तर "आदरणीय" पाशीच बाद झालं. बाईंचा गुडघा तोवर पार गेला होता. मालक आणि त्या लेकाकडे खंडाळ्याला राहायला जाणार असं ठरलं, तो तिथे कंपनीत आहे. पण आधी मिरजेला ऑपरेशन.

मी बघायला जाणार म्हटल्यावर आबा म्हणाले, "मीबी येतो. माझाबी गुडघा दाखवायचाय." त्यांच्या जीपमधून निघालो. आटपाडी, तासगाव, आणि सगळ्या वाटेवर कुठे कुठे ब्लॉक बसवले आहेत ते आबा मला दाखवत होते.

खोलीत बाई पलंगावर बसल्या होत्या, दवाखान्याच्या निळ्या झग्यात, केस मोकळे. मालक उशाशी सफरचंद कापत होते. ऑपरेशनच्या आधी दागिने काढायला लावले होते, त्यामुळे मंगळसूत्र अजून मालकांच्या खिशात होतं. शिट्टी गळ्यात होती. तो दागिना नाही, असं त्यांनी सिस्टरला पटवून दिलं होतं.

"या" नाही, "बसा" नाही. "मैदान?" त्यांनी विचारलं.

"हाय तितंच," आबा म्हणाले. "ते काय पळून जातंय?"

"आन् ढीग?"

आबांनी टोपी सारखी केली. "ढीगबी तसाच हाय. बाद झाली की पोरं जाऊन त्याच्यावर बसत्यात. परवा गवंडी घेऊन गेलतो. म्हटलं, उठा रं, ब्लॉक काढायचं हायत. तर उठनात. म्हनत्यात, आबा, आमी अजून खेळात हाय."

बाईंनी सफरचंदाची एक फोड उचलली. मग म्हणाल्या, "नीट रचून घ्या तेवढा. पोरं पडतील."

"घेतो."

इतक्यात व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी आली. वॉकर पुढे ठेवून म्हणाली, "चला आजी, दारापर्यंत जाऊन परत यायचंय."

"आजी कुणाला म्हनतीस गं?"

बाई उठल्या. वॉकर धरला. दाराकडे बघितलं. उंबऱ्यापाशी खोलीची फरशी संपून व्हरांड्याची सुरू होत होती, तिथं एक सरळ रेघ होती. बाईंनी ती रेघ बघितली आणि मला कळलं की आता काय होणार. आबांनाही कळलं असावं. ते दारात पाय फाकवून, हात पसरून उभे राहिले.

"अहो आजोबा, बाजूला व्हा!" ती मुलगी ओरडली.

"तू गप गं," बाई म्हणाल्या आणि श्वास भरून घेतला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी पिशवी घेऊन मधोमध उभी होते.

"मॅडम, आवं मधी काय उभ्या? चपला काढा आन् तिकडं व्हा. दशकात."

डाव्या बाजूला खिडकीशी थोडी जागा होती. मी चपला काढल्या आणि तिकडे जाऊन उभी राहिले.